अर्धं तिकीट

स्वारगेटहून सकाळी सुटणाऱ्या गुहागरच्या एसटीत कंडक्टरनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि हिशेब करून टाकला. "साहेबांचं पूर्ण. ताई, तुमचं अर्धं. मुलगी केवढी? आठ? मग तिचं अर्धं. आणि या पाहुण्यांना पाच पुरी नाहीत ना? त्यांना तिकीट नाही." माणसं चार, पैसे दोन तिकिटांचे. पाच ते बारा वयाच्या मुलांना एसटीत निम्मं भाडं जुनंच आहे, बायकांना ते मार्च २०२३ पासून मिळतं. थोरलीनं आपलं तिकीट मागून घेतलं आणि घडी घालून कंपासपेटीत ठेवलं. आपल्याला तिकीटच नाही म्हणून धाकटा पार कुंभार्ली घाट लागेपर्यंत रुसून बसला होता.

चार दिवसांनी त्याच रस्त्यानं परतताना तिकिटं दीडच निघाली. मुलं आजोळी राहिली होती. शेजारच्या रिकाम्या सीटवर मी पाण्याची बाटली ठेवली होती आणि घाटात ती घरंगळली तेव्हा सवयीनं माझा हात आडवा गेला, धाकटा पडू नये म्हणून.

हा लेख त्या दोन आणि दीड तिकिटांबद्दल आहे. लहान मुलांच्या घरात मे महिन्याची सुट्टी कशी घालवावी, हा प्रश्न दरवर्षी शिबिरांच्या जाहिरातींपाशी येऊन थांबतो. त्या घरातल्या नवरा-बायकोची सुट्टी कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. या उन्हाळ्यात मी दोन्हींची नोंद ठेवली, आणि आमच्यासारख्या दहा-बारा जोडप्यांशी बोलले. पुण्या-मुंबईतली, एक नाशिकचं, एक नागपूरचं. एवढ्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. मुलांना घेऊन केलेल्या सहली आणि मुलांना ठेवून काढलेल्या दोन रात्री, संसाराला दोन्हींची गरज असते. आणि दोन्हींची तयारी सारख्याच गांभीर्यानं करावी लागते.

रविवारचा डबा

सुट्टी म्हणजे लांबचा प्रवास, हे आम्ही यंदा डोक्यातून काढून टाकलं. एप्रिलचे रविवार जवळच्या जागांसाठी ठेवले. नियम तीन: सकाळी सातच्या आत घर सोडायचं, डबा घरचा न्यायचा, आणि दिवसाला एकच ठिकाण. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन उन्हं तापायच्या आत खाली उतरलो. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो. सगळ्यांत जास्त लक्षात राहिली ती भाज्याची लेणी.

पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं. तिथून भाजे गाव चालत गाठता येतं आणि गावातून पायऱ्या चढल्या की लेणी. दोन हजार वर्षांहून जुनी, एकूण २२. तिकीट मोठ्यांनाच, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. वर पोचलो तेव्हा आम्हा चौघांच्याही पाठी घामानं भिजलेल्या होत्या. चैत्यगृहात पाऊल टाकलं आणि धाकटा म्हणाला, "इथे एसी आहे?" मग त्यानं खांबाला गाल लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. तिथले खांब सरळ नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तिरके रोवत, तेच वळण कारागिरांनी दगडातही ठेवलं. थोरलीनं पट्टी काढून खांबाशी धरून पाहिली आणि खात्री करून घेतली. पुढे एकत्र असलेले लहानमोठे स्तूप तिनं मोजले. ते १४ आहेत. ते भिक्षूंच्या स्मरणार्थ आहेत असं सांगितल्यावर तिचा प्रश्न आला, "म्हणजे हे त्यांचे फोटो?" मला याहून बरं उत्तर सुचलं नाही.

समोर लोहगड दिसत होता. हा गड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तो आम्ही हिवाळ्यासाठी राखून ठेवला. मुलांच्या सहलीत सगळ्यांत अवघड काम असतं ते नाही म्हणण्याचं: आता अजून एक पॉइंट नको, परत जाऊ. दुपारी या मार्गावर लोकल विरळ असतात, त्यामुळे वेळ चुकली की मुलं फलाटावरच पेंगतात आणि दिवसभराची मजा चिडचिडीत संपते. आम्ही साडेदहाला उतरायला लागलो. डबा स्टेशनवरच्या सावलीत उघडला: दशम्या, चटणी, काकडी. चौघांचा दिवसाचा खर्च शहरातल्या एका सिनेमाइतकाही झाला नाही.

आजोळ

महाराष्ट्रात मे महिना म्हणजे सुट्टी. शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. एवढी मोठी सुट्टी आखली गेली तेव्हा घरात माणसं होती आणि गावी आजोळ होतं. आता दोघंही नोकरीवर आणि घर तिसऱ्या मजल्यावर. दीड महिना मुलांचं करायचं काय, हा अनेक घरांत काळजीचा विषय असतो. आमच्याकडे आजोळ आहे, हे आमचं भाग्य आहे.

गुहागरजवळच्या माझ्या माहेरी मे महिना कामाचा असतो. आंब्याची साठं घातलेली असतात, फणसपोळ्या वाळत असतात, आणि रातांबे उतरवलेले असतात. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. आई अंगणात बसून रातांबे फोडते. बिया आणि गर एका पातेल्यात मीठ घालून ठेवायचा, त्याला सुटलेल्या रसात सालं बुडवायची आणि उन्हात पसरायची. सुकली की पुन्हा बुडवायची, पुन्हा पसरायची. याला पुटं देणं म्हणतात. अशी पाच-सात पुटं झाली की काळीभोर अमसुलं तयार होतात. थोरलीला आजीनं हे काम सोपवलं. पहिल्या दिवशी तिनं तळहात दाखवत फिरण्यातच वेळ घालवला, कारण ते जांभळट लाल झाले होते. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून उठून आभाळाकडे बघत होती आणि आजीला विचारत होती, "आज ऊन कडक आहे ना, मग आज दोन पुटं होतील?" शिबिराच्या कोणत्या पत्रकात हा विषय मी पाहिलेला नाही.

मुलांना ठेवून जायचं ठरवलं तेव्हा मी आईला फोन करून विचारलं होतं. ती म्हणाली, "ठेव की. पण या वेळी विचारलंस, ते बरं केलंस. गेल्या दिवाळीत तू नुसतं कळवलं होतंस." तिच्या आवाजात राग नव्हता, तरी ते वाक्य मला लागलं. मुलं नातवंडांच्या नात्यानं तिची आहेत, म्हणून तिचा वेळ आपोआप आमचा होत नाही. मग आम्ही बसून रीतसर बोललो. बाबांना आता धावणं जमत नाही, म्हणून मामा असेल तरच मुलांनी समुद्रावर जायचं. विहिरीवर झाकण घातलेलं राहील. दुपारी एक ते चार आजी-आजोबा झोपतील आणि मुलं पडवीत पत्ते खेळतील किंवा वाचतील. तापाचं औषध, त्याचा वजनाप्रमाणे डोस आणि आमच्या डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजला लावला. फोन रोज साडेसातला, एकदाच.

निघताना धाकटा खेळत होता. "तो रमलाय तोवर निघा, दिसलात तर रडेल," असं शेजारच्या काकू मायेनं म्हणाल्या. आम्ही तसं केलं नाही. त्याला जवळ घेऊन सांगितलं की आम्ही जातो आहोत, दहा झोपा झाल्या की येऊ. तो रडला. पाच मिनिटं रडला. आई म्हणाली, नंतर त्यानं दहा चिंचोके घेतले आणि रोज सकाळी उठल्यावर त्यातला एक अंगणात टाकायला लागला.

दोन रात्री

रिकाम्या घरात पहिल्या संध्याकाळी आम्ही काय केलं असेल? माळा आवरायला काढला. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं कपड्यांचा ढीग बाजूला सारला आणि म्हणाला, "अगं, हे सगळं करायला वर्ष पडलंय. शुक्रवारी आपण माथेरानला जाऊ."

माथेरान ही आमची मधुचंद्राची जागा नव्हती. आमच्या आई-वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांची ती होती. त्यांच्या अल्बममध्ये तिथल्या घोड्यावर बसलेला एकच फोटो असतो, आणि पुढच्या सगळ्या प्रवासांत बाळं, भाचवंडं, सासू-सासरे. दोघांचं असं जे काही फिरणं झालं ते लग्नानंतरच्या त्या चार दिवसांतच.

पुण्याहून कर्जत, कर्जतहून लोकलनं नेरळ. तिथून छोटी गाडी. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०७ मध्ये पुरी केलेली ही दोन फुटी रुळांची लाइन २०१९ च्या पावसात खचली होती. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानकं घेत सुमारे २१ किलोमीटरला अडीच तासांवर वेळ लागतो. वाटेत एकच बोगदा आहे, त्याचं नाव 'वन किस टनेल'. एक मुका घेण्याइतकाच वेळ अंधार, म्हणून ते नाव पडलं. आमच्या डब्यात बोगदा आला तेव्हा सगळ्या पोरांनी एकदम आरोळी ठोकली. नवऱ्यानं माझा हात धरला, तो गाडी अमन लॉजला थांबेपर्यंत सोडला नाही. एरवी रस्ता ओलांडताना आमच्या दोघांच्या मधे नेहमी कुणीतरी असतं, आणि आमचे हात त्याच्या हातात असतात.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि थंड हवेचं ठिकाण म्हणून माथेरानचं नाव झालं. उंची सुमारे ८०० मीटर. २००३ मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. तिथे खाजगी गाड्यांना बंदी आहे, त्या दस्तुरी नाक्यालाच ठेवाव्या लागतात. पुढे लाल माती आणि झाडं. गाडीचा आवाज नाही म्हटल्यावर माणसाचा बोलण्याचा आवाजही आपोआप खाली येतो. आम्ही हे पहिल्या तासातच अनुभवलं.

पहिली संध्याकाळ मात्र मुलांच्याच बोलण्यात गेली. शाळेची बस, फी, धाकट्याचे दात. साडेसातला फोन लावला. धाकटा म्हणाला, "फोन ठेव, आजोबा काजू भाजतायत." आणि त्यानं ठेवलाही. मग आम्ही जेवायला बसलो. मला आठवेना की शेवटचं गरम जेवण, वाढल्या वाढल्या, मी कधी जेवले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा पॉइंटकडे चालताना माझ्या लक्षात आलं की नवरा उतारावर डावा पाय जपून टाकतोय. विचारलं तर म्हणाला, "दोन महिने दुखतोय गुडघा." दोन महिने! एका घरात राहतो, एका ताटाशेजारी दुसरं ताट असतं, आणि मला माहीत नाही. मी त्याच्यावर चिडणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, "तू तरी रात्री दोनला उठून बसतेस, ते कुठे सांगितलंस?" आम्ही एका दगडावर बसलो. खाली दरीत ऊन उतरत होतं. नोकरीतली माझी भीती, त्याच्या बाबांच्या आजारपणाचा खर्च, तिसरं कुणी ऐकत नसताना जे बोलायचं ते सगळं बोलून झालं. सूर्य चांगला वर आला होता. पुण्याला परतल्यावर त्यानं गुडघा दाखवला, मीही डॉक्टरांकडे जाऊन आले. या सहलीतून हाती काय लागलं, असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगते.

येताना दस्तुरीपाशी एक घोडेवाले दादा भेटले. "पोरं नाहीत बरोबर?" त्यांनी विचारलं. आजोळी आहेत म्हटल्यावर हसले. त्यांचं घर खाली वाडीत. हंगामात आठ-आठ दिवस ते वर राहतात, बायको-मुलं खाली. "आमची सुट्टी म्हणजे पाऊस," ते म्हणाले. आपल्या दोन रात्रींची किंमत आपल्याला कळावी, म्हणून हे लिहिते आहे.

इतरांच्या घरी

ज्या जोडप्यांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांनी पहिला शब्द उच्चारला तो 'अपराधी'. "मुलांना सोडून?" हा प्रश्न त्यांना सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसात, घरच्या ग्रुपवर विचारला गेला होता. आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी बाईलाच विचारला गेला. पुरुष कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी जातो तेव्हा त्याला हे कुणी विचारत नाही.

सगळ्यांना आजोळ नसतं. मुंबईत एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका बाईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं वर्षातून दोनदा अदलाबदल ठरवली आहे. एका शनिवार-रविवारी हिची मुलं तिच्याकडे, पुढच्या महिन्यात तिची हिच्याकडे. मावसभावंडं त्या दिवसाची वाट पाहतात. नाशिकच्या जोडप्याला रात्र काढणं शक्य नाही, कारण मुलीला दम्याचा त्रास आहे. ते दोघं मुलगी शाळेत असताना एका कामाच्या दिवशी रजा घेतात, सकाळी तिला सोडतात, त्र्यंबकच्या रस्त्याला जाऊन चहा-भजी खातात, दोन तास चालतात, आणि शाळा सुटायच्या आत हजर. सहा वर्षं हे चाललं आहे. नागपूरच्या एका तरुण आईनं स्पष्ट सांगितलं की पहिल्या खेपेला ती दुसऱ्या दिवशीच परत आली. मूल दोन वर्षांचं होतं, रात्रभर झोपलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी आधी एक रात्र सवय केली, मग दोन.

या सगळ्यांकडून जे शिकले ते एवढं: गुपचूप निघायचं नाही. आधी एका रात्रीची सवय करायची. मूल आजारी असेल तर जायचं नाही, आणि गेल्यावर मूल आजारी पडलं तर दुसऱ्याला दोष न देता परत यायचं. इतकं जवळ जायचं की चार तासांत घरी पोचता येईल.

काजवे

जूनच्या सुरुवातीला मुलांना घेऊन आलो आणि सुट्टीतली शेवटची सहल केली ती भंडारदऱ्याच्या बाजूला, अकोले तालुक्यात. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस धरायच्या आधी, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात काजवे दिसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते जमतात. नर लुकलुकून मादीला बोलावतो आणि ही झाडं एकदम पेटल्यासारखी उजळतात, मग विझतात, पुन्हा उजळतात. त्या उजेडात उष्णता जवळजवळ नसतेच.

आमच्याबरोबर गावातले एक काका होते. त्यांनी सुरुवातीलाच मोबाइल खिशात ठेवायला लावले. बॅटरी फक्त पायापुरती, गवतात पाय टाकायचा नाही, ओरडायचं नाही. "गाड्यांचे दिवे पडतात तिकडे काजवा गप होतो," ते म्हणाले. खालच्या रस्त्यावर गाड्यांची रांग होती, दिवे चालू, गाणी चालू, आणि तिथली झाडं काळी होती. आम्ही अर्धा तास चालत गेलो. एका झाडापाशी काका थांबले. धाकट्यानं माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, "आई, झाड श्वास घेतंय." थोरली काही बोलली नाही. तिनं एक हात माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हातानं बाबाचा हात धरला. आम्ही चौघं अंधारात उभे होतो. बाबाचा गुडघा दुखेल म्हणून परतीच्या उतारावर ती त्याच्या पुढे चालली.

आजीचं तिकीट

मुलांना आणायला गेलो होतो त्या रात्री आई झोपाळ्यावर बसली होती. माथेरानला काय पाहिलं, काय खाल्लं, सगळं तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "आम्ही दोघं असे कुठे गेलो नाही. नरसोबाच्या वाडीला गेलो तेव्हा तुम्ही तिघं होतात, आत्या होती. कोल्हापूरला गेलो ते तुझ्या मावशीच्या लग्नाला." तक्रार नव्हती, ती आठवून सांगत होती. त्यांच्या लग्नाला ४८ वर्षं झाली आहेत.

म्हणून वाचकांना माझी विनंती अशी. दिवाळीतच पुढच्या मे महिन्याकडे एकदा पाहा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मेच्या मध्यासाठी मार्चच्या मध्यात. जवळच्या चार जागा मुलांबरोबर ठरवा, त्यांनाच निवडू द्या. दोन रात्री तुमच्या दोघांसाठी कॅलेंडरवर लिहा, आणि त्यासाठी ज्यांची मदत लागणार आहे त्यांना आधी विचारा, नुसतं कळवू नका. आणि ज्या आजी-आजोबांनी तुमची मुलं सांभाळली, त्यांच्या दोन रात्रीही त्याच कॅलेंडरवर लिहा.

दिवाळीनंतर, कार्तिकात, आई-बाबा नरसोबाच्या वाडीला आणि तिथून कोल्हापूरला जाणार आहेत. दोघंच. तेवढे दिवस घर, मांजर आणि झाडांचं पाणी मी पाहणार आहे, तशी रजा टाकली आहे. बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, त्यांना एसटीत भाडं नाही. आईचं अर्धं. दोन माणसांना मिळून अर्धं तिकीट.